न वाचलेली ब्याऐंशी पानं

आमच्या गल्लीत पाणी यायचं ते शिट्टी वाजवून. शिंगाडेकाका निवृत्त होण्याआधी बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली किती उशिरा येणार, हे सगळं त्यांनी खिडकीमागं बसून तीसेक वर्षं सांभाळलं. मूळचे पिशोरचे, मेंढपाळाच्या घरातले. नोकरी संपल्यावर पडेगावात प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं, दारात बोअर घेतलं, आणि दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत अख्ख्या गल्लीत त्या एकट्या बोअरला पाणी टिकलं. काकांनी ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. एक दिवसाआड, सकाळी सहापासून, प्रत्येक घराला वीस मिनिटं पाइप. वीस मिनिटं झाली की ओट्यावरून शिट्टी, आणि पाइप पुढच्या दारात. कुणी "अजून एक घागर, काका" म्हटलं तर ते घड्याळाकडं बोट दाखवायचे. "गाडी कुणासाठी थांबत नसती, वहिनी," असं आईला म्हणायचे. पण आमच्या वेळेला त्यांची शिट्टी मिनिट-दोन मिनिटं उशिरा वाजायची, हे आईला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

कारण आईचे डबे. वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेली बाहेरगावची पोरं आमच्या आसपासच्या खोल्यांतून राहायची आणि त्यांतल्या बावीस जणांना दोन्ही वेळचा डबा आमच्या घरून जायचा. पहाटे भाकरी थापायचा आवाज सुरू झाला की मी कूस बदलायचे; थप्-थप् थांबली की उठायची वेळ झाली. त्या उन्हाळ्यात आईनं पालेभाजी बंद केली होती, कारण मेथीची माती काढायला तीन पाणी लागतात. वांगी भाजून भरीत, नाहीतर झुणका, नाहीतर मटकीची कोरडी उसळ. तांदूळ धुतलेलं पाणी मटकी भिजवायला, मटकीचं उरलेलं दारातल्या कढीपत्त्याला. ताटं राखेनं घासून ओल्या फडक्यानं पुसायची. तसं घासलेल्या ताटाला एक करडी चमक येते. अजूनही कुठं तसं ताट दिसलं की माझा घसा कोरडा पडतो.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, काम सेंट्रिंगचं. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू उभे करायचे. शहर तेव्हा आमच्या दिशेनं धावत सुटलं होतं. काल जिथं बाजरीचं रान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा. पण त्या वर्षी बांधकामांना पाणीच मिळेना. अर्ध्या उठलेल्या इमारती गजांचे हात वर करून उभ्या राहिल्या आणि अण्णा घरी बसले. घरी बसलेला माणूस एकतर चिडचिडा होतो नाहीतर गप्प. अण्णा गप्प झाले. संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांची सवय होती, तीसुद्धा सुटली. फक्त एका गोष्टीनं त्यांचा चेहरा उजळायचा, आणि ती म्हणजे माझा ब्लॉग.

मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर दोनशे पानी वहीत काहीबाही लिहायची सवय मला शाळेपासून. माझी वर्गमैत्रीण रुबीना हिच्या भावाचं छावणीत, म्हणजे कँटोन्मेंट भागात, सायबर कॅफे होतं. एकदा तिनं माझी वही तासभर वाचली आणि म्हणाली, "ये वही में कायकू मरने दे रही तू? नेट पे डाल. पढनेवाले आते, देख." मराठी टाइप करायला तिनंच शिकवलं. काना सापडायला मला दोन दिवस लागले, ज्ञ सापडायला आठवडा. ब्लॉगचं नाव ठेवलं ‘पडेगावची वाचनवही’. पहिला महिना वाचणारी रुबीना आणि मीच. मग पुण्याच्या एका शिक्षिकेची प्रतिक्रिया आली, मग कोल्हापूरची, मग थेट अमेरिकेतून कुणाची तरी. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. ते साइटवर गवंड्यांना सांगायचे, "आमची मितू लिहिती ते अमेरिकेत वाचतेत." संघमित्रा हे माझं पूर्ण नाव त्यांनीच ठेवलेलं. ब्लॉगवर ते पूर्णच लिही, असा त्यांचा आग्रह होता.

जानेवारीत रुबीनानं ब्लॉगच्या उजव्या बाजूला एक चौकट बसवून दिली. त्यात लिहिलं होतं: या वर्षीचं लक्ष्य ५२, वाचून झाली ०. आठवड्याला एक पुस्तक. तेव्हा ते मोठं काही वाटलं नाही. पण त्या चौकटीनं माझं वाचन बदलून टाकलं, हे मला फार उशिरा कळलं. आधी मी पुस्तक संपू नये म्हणून शेवटची पानं पुरवून पुरवून वाचायचे. आता पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटच्या पानाचा आकडा बघायचे. मार्चमध्ये परीक्षा आली, एप्रिलमध्ये पाणी गेलं, पहाटेपासून घागरी आणि डबे. मेच्या मध्यावर वीस पुस्तकं व्हायला हवी होती आणि झाली होती तेरा. "वाचनवही मागं पडली की!" असं कुणीतरी खाली लिहून गेलं. गंमत होती ती, पण मला रात्रभर टोचली. मग मी कॉलेजच्या ग्रंथालयातून बारीक पुस्तकं शोधून आणायला लागले. ती चाळायची, मलपृष्ठ वाचायचं, अधली-मधली दोन पानं बघायची आणि लिहून टाकायचं. अशी तीन झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट एक जण म्हणाला, हल्ली तुमची शैली चटपटीत झाली आहे.

चौथं पुस्तक शिंगाडेकाकांचं होतं. ‘चाऱ्यामागं’ हे त्यांनी स्वतः छापून घेतलेलं आत्मचरित्र. पानं एकशे बारा, मागं त्यांचा टोपी घातलेला फोटो. त्यांनी ते स्वतः आमच्या दारात येऊन माझ्या हातात दिलं. "तू मोठमोठ्यांच्या पुस्तकावर लिहितीस म्हनं," ते म्हणाले. "माझंबी वाच. अन् खरं काय ते सांग. आमच्या पुतन्यासारखं गोड गोड नको."

मी तीस पानं वाचली. त्या तीस पानांत बसस्टँडवरचे सगळे साहेब येऊन गेले, त्यांचे स्वभाव, त्यांच्या बदल्या, त्यांनी केलेलं कौतुक. वाक्यं लांबलचक, एकात दुसरी गुंतलेली. सुरुवातीच्या पानांत मेंढरं आणि एक कुत्रं होतं, तेवढं बरं होतं. मी पुस्तक मिटलं, छावणीत गेले आणि तासाभरात लिहून टाकलं. लिहिलं की, लेखकाला गाड्या वेळेवर सोडता येत होत्या, पण वाक्य कुठं थांबवायचं हे त्यांना कुणी शिट्टी वाजवून सांगितलेलं दिसत नाही. लिहिलं की, पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं पात्र म्हणजे कुत्रं, कारण ते साहेबांबद्दल काही बोलत नाही. चौकटीत सतरा केले. त्या लेखावर चाळीसच्या वर प्रतिक्रिया आल्या. इतक्या आधी कधीच आल्या नव्हत्या. "तू तो फाड डाली," रुबीना म्हणाली. मी हसत हसत रिक्षात बसले, हे मला आजही आठवतं, आणि आठवलं की नको वाटतं.

चार दिवसांनी आमच्या पाळीला पाइप आलाच नाही. डाव्या हाताच्या घरातून उचलला आणि आमचं दार ओलांडून उजव्या हाताच्या घरात टाकला. आई घागरी मांडून उभी होती. तिला वाटलं, विसरले. ती ओट्यापाशी गेली, पण काका पाठ करून उभे होते. पुढच्या पाळीलाही तेच. मग आई सरळ त्यांच्या घरी गेली आणि दहा मिनिटांनी हातात तीन कागद घेऊन परत आली. काकांच्या पुण्याच्या पुतण्यानं माझा लेख छापून पाठवला होता. काकांच्या बसस्टँडवरच्या जुन्या कचेरीतसुद्धा तो फिरला होता म्हणे.

आई चुलीपाशी बसून एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचायला लागली. अण्णा दारात बसले होते. कुत्र्याच्या वाक्यापाशी आईला एकदम हसू फुटलं, आणि ते फुटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"हे तू लिव्हलं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, खरं सांग म्हणून."

"खरं सांग म्हनले व्हते. चारचौघांत टोपी उडव नव्हते म्हनले." "बावीस डबे हायेत मितू. मी पीठ कशात मळू?"

"मी काढून टाकते तो लेख. आजच."

"काढायचं नाय." अण्णा उठून आत आले. कित्येक दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "खोटं लिहिलंय का काही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पुस्तक वाचूनच लिहिलंस ना?"

चुलीतलं लाकूड तडतडत होतं. आई माझ्याकडं बघत होती. पुढच्या आयुष्यात मी लहानमोठं पुष्कळ खोटं बोलले असेन, पण इतकं छोटं आणि इतकं जड कधी बोलले नाही.

"व्हय," मी म्हणाले.

"मग संपलं." अण्णा आईकडं वळले. "पाण्यासाठी आपल्या माणसांनी तळ्यावर डोकी फोडून घेतलीत. आता पोरीनं लिहिलेलं पाण्यासाठी पुसायचं व्हय? आजपास्नं त्यांच्या दारात जायचं नाय. पानी मी आनतो."

दौलताबाद रस्त्यावर जिथं टँकर यायचा ते ठिकाण आमच्या घरापासून पाऊण कोसावर. अण्णा सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधायचे आणि दिवसातून पाच-सहा खेपा करायचे. सकाळी ठीक, पण टँकरची वेळ कधीही. भर दुपारी आला तर भर दुपारी. त्यांचा सदरा मिठानं पांढरा पडायचा. डबे बावीसचे पंधरा झाले, पंधराचे अकरा. आई अण्णांशी कामापुरतं बोलायची, माझ्याशी तेवढंही नाही. गल्लीतल्या बायकांनी आमच्याशी बोलताना आवाज खाली केला. काकांचा राग आपल्यावर येऊ नये असं त्यांनाही वाटत असणार. अण्णांना मात्र वेगळंच बळ चढलं होतं. रिकाम्या हातांना काम मिळालं होतं आणि त्या कामाला अर्थ होता. भेटेल त्याला ते सांगायचे, "पोरीनं खरं लिहिलं म्हनून पानी तोडलं. तोडू द्या." त्यांनी असं म्हटलं की मी आत निघून जायचे. वाटायचं, काका एकदा येऊन आमच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते ओट्यावर बसून शिट्टी वाजवायचे आणि आमच्या दाराकडं बघायचे नाहीत.

आठव्या की नवव्या दिवशी उताराला अण्णांची सायकल घसरली. मी मागून चालत येत होते. एक कॅन फुटला आणि पाणी धुळीत असं शोषलं गेलं की क्षणात फक्त काळा डाग उरला. अण्णांचा गुडघा सोलवटला होता. त्यांनी तो बघितलाही नाही. दुसरा कॅन शाबूत आहे का ते चाचपून पाहिलं. "जाऊ दे," ते मला म्हणाले, "तू तोंड असं करू नको. तुझं काय चुकलंय?"

त्या दुपारी मी दप्तरातून ते पुस्तक काढलं आणि एकतिसाव्या पानापासून वाचायला बसले. आधी वाटलं, निदान उरलेली पानंही तशीच कंटाळवाणी निघोत. म्हणजे मी बोललेलं अर्धं तरी खरं होईल. साहेब लोक अजून चारेक पानं होते. मग ते गेले आणि काका लहानपणाकडं परत वळले. मोठ्या दुष्काळात त्यांचं कुटुंब मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं सरकत होतं. काका चौदा वर्षांचे, धाकटी बहीण भागी नऊची. विहिरींत पाणी नव्हतं, तळाला ओंजळभर साचायचं. सगळ्यांत हलकी म्हणून भागीच्या कमरेला दोर बांधून तिला खाली सोडायचे आणि ती नारळाच्या करवंटीनं कळशी भरायची. दोर काकांच्या हातात. एके दिवशी दुसऱ्या कळपाची माणसं आली, कुणाची पाळी यावरून भांडण लागलं आणि काका त्यात धावले. भांडण मिटेपर्यंत भागी खालीच होती. दोर वर ओढला तेव्हा त्याच्या टोकाला भागी नव्हती. एक जण खाली उतरला आणि त्यानं तिला आणलं. बापानं काकांना काठीनं मारलं. भागी आठ दिवस कुणाशी बोलली नाही. ‘मी दोर सोडला होता हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही आणि तिनं मला विचारलेलं नाही,’ असं काकांनी लिहिलं होतं. हा सगळा प्रसंग म्हणजे दीड पानांचं एकच वाक्य होतं. त्या वाक्यात थांबायला कुठं जागाच नव्हती.

मी पुस्तक संपवलं. मग तशीच उठून बाहेर आले. अण्णा दारात बसून गुडघ्याला हळद लावत होते.

"अण्णा, मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. तीसच पानं वाचली होती. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

आई भाकरीचा हात थांबवून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ते मारतील. त्यांनी मला कधी मारलेलं नव्हतं, पण मारावं असं मला त्या वेळी वाटत होतं.

"मग मी इतके दिवस कशाचं पानी वाहत व्हतो?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

त्यांनी हळदीची वाटी बाजूला सारली. शेवटी तेच म्हणाले, "जा त्यांच्याकडं. एकटी जा. मी आलो तर पानी मागायला आलो आसं व्हईल."

काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी पायरीखाली उभी राहिले आणि तेच वाक्य म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही.

"वाचलं नव्हतं?" त्यांनी चष्मा काढला. "मग लिव्हलं कसं?"

मी बावन्न पुस्तकांचं सांगितलं, चौकटीचं सांगितलं, मागं पडल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडी आलीच नाय अन् कंट्रोलरनं आल्याची नोंद केली, तर त्याचं काय करतेत ठाव हाय?"

"नाही."

"घरी बसवतेत." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. मग नजर दुसरीकडं ठेवून म्हणाले, "आता कुठवर वाचलं?"

"सगळं. भागीआत्याचं पण."

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठं गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी भीती आली. साठीच्या माणसाला माझ्यासारख्या पोरीची भीती वाटावी, हे मी पहिल्यांदा बघत होते. त्या दीड पानापर्यंत पोचलेलं पहिलं माणूस मीच असेन. पुतण्यानंही तिथवर वाचलं नसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"तिथं वाक्य कुठं थांबवायला पायजे व्हतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच हवं होतं.

"कुठंच नाही, काका. तिथं बरोबर आहे." आणि मग, का कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं, "पण पहिली तीस पानं मला अजूनही कंटाळवाणीच वाटतात."

मी जीभ चावली. आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"ती पुतन्यानं घालायला लावली," काका म्हणाले. "म्हनला, साहेब लोकांची नावं आली की चार प्रती खपतील. मलाबी लिव्हताना झोप येत व्हती." मग उठता उठता म्हणाले, "तुझ्या आईनं त्या दिवशी विचारलं, पुस्तकाचा अन् पान्याचा काय संबंध? मला उत्तर देता आलं नाय. तरी मी आडून बसलो. उद्या पाइप टाकतो म्हनून सांग."

दुसऱ्या दिवशी पाइप आला. आईनं तो घेतला. तिला डबे होते. अण्णांनी मात्र पावसाळा लागेपर्यंत त्या पाण्याला हात लावला नाही. काकांवर त्यांचा राग होता की माझ्यावर, की स्वतःच्या त्या आठ दिवसांवर, ते मी कधी विचारलं नाही. प्यायचं आणि अंघोळीचं त्यांचं पाणी ते स्वतः आणायचे. मोरीत दोन पिंपं शेजारी शेजारी असायची. मी अण्णांच्या पिंपातलं पाणी प्यायचे. ते चालेल का, हेही मी विचारलं नाही, आणि त्यांनी मला अडवलं नाही.

जुना लेख मी काढला नाही. त्याच्या वरती नवीन लिहिला. लिहिलं की, मी या पुस्तकावर ते न वाचताच लिहिलं, आणि त्याआधीच्या तिन्हींवरही. चौकटीतले सतराचे तेरा केले. पुण्याच्या शिक्षिकेनं विचारलं, मग तुमच्या बाकीच्या लेखांवर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न योग्य होता. ती परत आली नाही. अमेरिकेतले गृहस्थही गेले. वर्षअखेरीला माझी एकतीस पुस्तकं झाली. बावन्न नंतरही कधी झाली नाहीत, आणि मोजणं मी काही वर्षांनी सोडूनच दिलं.

जूनच्या मध्यावर, पाऊस लागायच्या आधी, एका सकाळी शिंगाडेकाका इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात आले. "वहिनी, मितूला पिशोरला घेऊन जाऊ का? संध्याकाळी आनून सोडतो." आणि मग माझ्याकडं बघत म्हणाले, "भागी हाय तिथं. तिला वाचता येत नाय. तिला म्या अजून सांगितलंबी नाय पुस्तकाचं. तू वाचून दाखवशील?"

आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णा पिंपावर झाकण ठेवत म्हणाले, "सगळं वाच म्हनावं. एक ओळ सोडायची नाय."

पिशोरला भागीआत्या गावाबाहेर दोन खोल्यांत राहत होत्या. दारात पाच-सहा शेळ्या, चिंचेची सावली. बाई उंच, सडपातळ, हात भावासारखेच लांब. काकांनी मला आत बसवलं, "ही आमच्या गल्लीतली पोरगी, तुला जरा वाचून दाखवती," एवढंच म्हणाले आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. त्यांची पाठ मला दारातून दिसत होती.

मी वाचायला लागले. मेंढरांचं आलं तेव्हा आत्या हसल्या, कुत्र्याचं नाव आलं तेव्हा "आगं बया" म्हणाल्या. विहीर आली आणि त्या गप्प झाल्या. त्या दीड पानात श्वास घ्यायला जागा नव्हती. माझा आवाज चिरकायला लागला. एकदा वाटलं, इथं थोडं गाळावं, बाईचा चेहरा बघवत नाही. अण्णांचं वाक्य आठवलं. शेवटपर्यंत वाचलं. ‘मी दोर सोडला होता’ तेही वाचलं.

आत्या एकदम उठल्या आणि दारात जाऊन ओरडल्या, "दादा! आत ये. उन्हात काय बसलास?"

काका आत आले, पण बसले नाहीत.

"तू दोर सोडलास म्हनून मी खाली राहिले, आसं लिव्हलंस व्हय?"

"व्हय."

"आरं, कमरंची गाठ मीच सोडली. खाली गार व्हतं. किती दिसांनी पाय गार झाले व्हते माझे. वर तुमची भांडनं चालली व्हती, म्हनलं भांडू दे, तेवढंच बसाया मिळंल. वर आलं की लगीच पुन्हा मेंढरामागं."

काका भिंतीला टेकले. "मग आठ दिस बोलली का नाय तू?"

"बोलले आसते तर मला मार बसला आसता." आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. "तुला बसला तो बसला. म्या म्हनलं, गप बसावं. मग तू त्यावर कधी बोललाच नाय, मीबी बोलले नाय. मला वाटायचं, दादाला ठाव हाय, म्हनून माझ्याशी तुटक वागतो."

ही गोष्ट खरी होती, की भावाला मोकळं करायला त्यांनी तिथल्या तिथं रचली, असा विचार माझ्या मनात पुढं पुष्कळदा आला. काकांनी मात्र तो केला नाही. ते हळूहळू खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"संध्याकाळपस्तोर व्हतीस तू खाली," ते म्हणाले.

"कुठली संध्याकाळ? मेंढरं आजून वाड्यात बसलीबी नव्हती."

"बसली व्हती. मी सोता बसवली व्हती."

"तू तर मार खात व्हतास, तू कवा बसवली?"

आणि मेंढरं कुणी बसवली यावरून दोघं भाऊबहीण भांडायला लागले.